सात नंबरचा पट्टा

पाचवीच्या मराठीच्या पुस्तकात नववा धडा होता, ‘सांडशीचे जनक’. वैजयंता मोरबाळे हा धडा गेली अकरा वर्षं कोल्हापुरातल्या एका शाळेत शिकवत होती आणि दर वर्षी तो शिकवताना तिच्या तोंडाला कडू चव येत होती. धडा तिच्या वडिलांवर होता.

“पत्नीचा भाजलेला हात पाहून रंगरावांचे हृदय पिळवटून निघाले,” पोरं एका सुरात वाचत. “त्या क्षणी त्यांनी निश्चय केला की यापुढे या देशातील एकाही माउलीचा हात भाजू देणार नाही.” खाली चित्र होतं. रंगराव लोहार बायकोच्या हातावर फुंकर घालताहेत आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे. वैजयंताने चोपन्न वर्षांत ते पाणी पाहिलं नव्हतं. कांदा चिरतानासुद्धा नाही, कारण कांदा त्यांनी जन्मात चिरला नव्हता.

खरं काय घडलं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. साल १९९९, ती नऊ वर्षांची. आईने, म्हणजे हौसाबाईने, दुधाचं पातेलं सांडशीत धरून उतरवलं, सांडशी सटकली आणि उकळतं दूध तिच्या हातावर आलं. आई मटकन खाली बसली. वडील, तिचे आप्पा, कारखान्यातून जेवायला आले होते. ते उठले, आईला ओलांडून पुढे गेले, जमिनीवरची सांडशी उचलली आणि उजेडात धरून म्हणाले, “रिबिट ढिली हाय. कुठल्या गाढवानं ठोकली ही?” मग आईकडे एकदा बघून, “आन् तुला धड धरता बी येत न्हाई व्हय?” आणि ताट तसंच टाकून सांडशी घेऊन कारखान्यात गेले. आईला दवाखान्यात शेजारच्या काकूंनी नेलं.

तीन आठवड्यांनी त्यांनी जी सांडशी बनवली ती मात्र अचाट होती. रिबिटीचा खिळा जबड्याच्या अगदी जवळ आणलेला, एका जबड्याची कड आतल्या बाजूला किंचित वळवलेली. भांडं जितकं जड, तितकी पकड घट्ट. ती नाही असं स्वयंपाकघर आता शोधून सापडणार नाही. सांडशीबद्दल वैजयंताची काहीच तक्रार नव्हती, तक्रार होती ती त्या फुंकरीबद्दल.

पण धडा लिहिणाऱ्याला निदान आपण थाप मारतोय एवढं तरी कळत असणार. पुण्याच्या मानसबोध संस्थेतल्या विद्वानांना तेही कळत नव्हतं.

या संस्थेने प्रेरणा पकडली होती. म्हणजे अक्षरशः पकडून पट्ट्यात भरली होती. माणसाला काही सुचण्याच्या क्षणभर आधी मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या जरा वर, जलद लहरींचा एक झटका उमटतो, ही गोष्ट जुनीच. पण बाहेरून नुसता झटका देऊन भागत नाही. तो दिला की माणसाला ‘सुचलं, सुचलं’ असं वाटतं आणि सुचत काहीच नाही. अशी माणसं आपल्याकडे मुळातच मुबलक आहेत. संस्थेच्या डॉ. सोहम परचुऱ्यांनी पकडली ती झटक्याच्या आधीची अवस्था. मन एखाद्या वस्तूकडे ज्या रोखाने बघत राहतं, तासन्‌तास, कधी वर्षानुवर्षं, ती. मेंदूच्या कोणत्या भागाने कोणत्या भागाशी कोणत्या लयीत बोलत राहायचं, याचा एक ठसा असतो. हा ठसा एकाच्या डोक्यातून नोंदवून घ्यायचा आणि कपाळावरच्या पट्ट्यातून, सौम्य चुंबकीय स्पंदनांनी, तीच लय दुसऱ्याच्या डोक्यात बसवायची. विरजण लावतात तसं. विरजण शेजारणीकडचं चालतं, दूध मात्र आपलं लागतं.

मोठ्या शास्त्रज्ञांचे ठसे घेऊन काही उपयोग झाला नाही. त्यांच्या डोक्यात गणित असतं आणि गणित पट्ट्यातून येत नाही. म्हणून परचुरे घरगुती वस्तू शोधणाऱ्यांकडे वळले. या लोकांजवळ असतात फक्त डोळे, हात आणि समोरची वस्तू. असे चाळीस हयात शोधक त्यांनी देशभरातून गोळा केले. कुणी फरशी पुसायची पिळाची बादली काढलेली, कुणी कपडे वाळत घालायचा न मोडणारा चिमटा. सातव्या नंबरावर होते रंगराव लोहार, वय वर्षं ऐंशी. त्यांना चार दिवस एका खुर्चीत बसवलं, डोक्याला तारा लावल्या आणि एकेक करून तीनशे वस्तू हातात दिल्या. मग तो ठसा विक्रीसाठी तिप्पट तीव्र केला आणि ‘प्रेरणापट्टा क्रमांक सात’ बाजारात आला.

बाकीचे एकोणचाळीस पट्टे लोकांनी महिनाभर हौसेने घातले आणि कपाटावर टाकले. सात नंबर चालला. चालला म्हणजे खरोखर चालला! जयसिंगपूरच्या एका शिंप्याने शिलाई मशीनचं पायडल असं बदललं की कंबरदुखीच गेली. एका आचाऱ्याने ओतताना न गळणारी कढई केली. वर्तमानपत्रांना ‘चिकित्सक पिढी’ असा शब्द सापडला आणि तो त्यांनी चोथा होईपर्यंत चावला.

पण पट्टा कपाळावर असताना माणसाला फक्त वस्तूंचेच दोष कसे दिसणार? साखरपुड्यात नवऱ्या मुलाने मुलीच्या हातातल्या ट्रेचा तोल तपासला आणि नंतर मुलीचा. नातवाने आजीला सांगितलं, तुझ्या लाडवाचा गोल गोल नाही. सासरा सुनेला, सून सासऱ्याला, शेजारी शेजाऱ्याला असं बघू लागला की जणू समोरचा माणूस कुणीतरी घाईत, हलगर्जीपणाने बनवलेला आहे. लोक याला प्रेरणा म्हणत होते. वैजयंता ती नजर बघून पोटातून हसत होती. ही नजर तिने जन्मापासून फुकट भोगली होती, आणि आता उभा महाराष्ट्र ती हौसेने डोक्याला बांधत होता.

तिचं हसू थांबलं ते शार्वीने पट्टा आणला तेव्हा.

शार्वी तिची एकुलती एक, एकोणीस वर्षांची. नवरा नोकरीनिमित्त सुरतेला, त्यामुळे घरात दोघीच. शार्वीला वस्तुरचनेच्या मोठ्या कॉलेजात जायचं होतं आणि त्याची प्रवेशपरीक्षा तोंडावर आली होती. पूर्वी ही पोरगी चहा पिता पिता मांजरांची चित्रं काढायची आणि आईला उगाच मिठी मारायची. पट्टा आल्यावर मांजरं गेली. वहीत सुंदर, काटेकोर आकृत्या येऊ लागल्या आणि तोंडातून वाक्यं.

“आई, तू पोळी लाटताना कोपर उगाच उचलतेस.”

“आई, तुझ्या बोलण्यात निम्मे शब्द बिनकामाचे असतात.”

वैजयंता ऐकून घेत होती. परीक्षेपुरतं आहे, म्हणत होती. मग एका सकाळी ती स्टुलावर चढून वरच्या फळीवरून पोह्यांचा डबा काढत होती. स्टूल कलंडलं. डबा, पोहे आणि वैजयंता एकदमच खाली आले, आणि तिचा पाय अंगाखाली मुडपला. आवाज ऐकून शार्वी आली. पट्टा कपाळावर होता. ती आईला वळसा घालून गेली, स्टूल उचललं, उलटं केलं आणि त्याचे पाय मोजत म्हणाली, “मागचा पाय अर्धा इंच आखूड आहे. कुठल्या मूर्खाने बनवलंय?” आणि मग आईकडे बघून, “तुला चढताना कळलं नाही का?”

वैजयंता पोह्यांत बसून राहिली. पाय ठणकत होता, पण तिला रडू आलं ते पायाचं नव्हतं. तिच्या आईने असंच बसून काय ऐकलं होतं, ते तिला आता आईच्या जागेवरून ऐकू आलं.

संध्याकाळपर्यंत शार्वीने स्टूल दुरुस्त केलं. उत्कृष्ट केलं. त्यावर हत्ती चढला तरी ते हललं नसतं, आणि हीच गोष्ट वैजयंताच्या सगळ्यात जास्त डोक्यात गेली.

त्याच आठवड्यात परचुरे घरी आले. ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा ठसा वापरायचा तर दर वर्षी त्याची संमती नव्याने घ्यावी लागे आणि सोबत वारसाची सही. कागदावर दोन चौकटी होत्या, ‘चालू ठेवावा’ आणि ‘मागे घ्यावा’. मागे घेतला तर देशातले सगळे सात नंबरचे पट्टे एका दिवसात बंद पडणार होते. पहिल्या चौकटीत परचुऱ्यांनी सोयीसाठी पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवली होती.

“मॅडम, तुमचे वडील म्हणजे राष्ट्राची ठेव आहेत,” ते म्हणाले.

“ठेवलंय त्यांना, उद्यमनगरात. एकटेच असतात. तुमच्यापैकी कुणी भेटायला गेलं नाही अजून.”

परचुरे पुण्याचे होते, त्यामुळे त्यांनी हे वाक्य अतिशय सभ्यपणे न ऐकल्यासारखं केलं.

वैजयंताने कागदांची पानं उलटली. “चार दिवस बसले होते ना ते? मग ठसा अकराच तासांचा कसा?”

“मध्ये मध्ये लहरी अगदी सपाट व्हायच्या. वय आहे, डुलकी लागत असणार. आजोबांना जागं करणं बरं दिसेना. मग ते रिकामे तुकडे आम्ही नंतर काढून टाकले.”

“त्या वेळी त्यांच्या हातात काय होतं?”

हा प्रश्न परचुऱ्यांना दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांनी टॅब्लेट काढला, शोधलं आणि वाचून दाखवलं, “एक पितळी तांब्या. एक विळी. एक दगडी खल. आणि त्यांची स्वतःचीच सांडशी.” ते थांबले. “योगायोग आहे, नाही?”

वैजयंता मोठ्याने हसली. उद्यमनगरातलं शेंबडं पोरही हे सांगू शकलं असतं. तिथल्या कारखान्यांत कुठलाही जुना मिस्त्री तोंडाने शाबासकी देत नाही. काम चुकलं तर तो असा ओरडतो की तिसऱ्या शेडमध्ये ऐकू जावं. आणि काम जमलं तर काहीच बोलत नाही. वस्तू हातात घेतो, गप्प होतो, उजव्या अंगाला ठेवतो आणि पुढची उचलतो. त्या गप्प होण्यासाठी हाताखालची माणसं वर्षानुवर्षं राबतात. पुण्यातल्या विद्वानांना त्यात म्हातारपणाची झोप दिसली होती.

“झोप नव्हती हो ती,” ती म्हणाली. “वस्तू पटली होती त्यांना. ते समाधान होतं.”

“अरे वा!” परचुऱ्यांनी लगेच लिहून घेतलं. मग जरा ओशाळून म्हणाले, “पण खरं सांगू का, ते तुकडे ठेवलेली एक आवृत्ती आम्ही ग्राहकांना दिली होती. पट्टा मध्येच बंद पडतो अशा तक्रारी आल्या.”

“म्हणजे थांबायचं कुठे, तेवढं काढून टाकलंत. आणि उरलेलं लोकांच्या डोक्यात घातलंत.”

“मागणी त्यालाच आहे, मॅडम.”

यात खोटं काहीच नव्हतं. वैजयंताला क्षणभर परचुऱ्यांपेक्षा गिऱ्हाइकांची जास्त किळस आली. आप्पांबद्दलही तिला कळवळा वाटला नाही. ती शांतता त्यांच्याकडे होती हे तिला ठाऊकच होतं. तांब्याला मिळाली, विळीला मिळाली, आईला आणि तिला कधी मिळाली नव्हती. तिने परचुऱ्यांना कागद ठेवून जायला सांगितलं.

शार्वी आतून सगळं ऐकत होती. परचुऱ्यांची गाडी वळायच्या आत ती बाहेर आली.

“तू मागे घेणार आहेस. आई, दहा दिवसांवर परीक्षा आहे माझी! तिथे येणारी प्रत्येक मुलगी सात नंबर घालून अभ्यास करतेय.”

“मग कुणालाच मिळणार नाही. सगळ्या सारख्याच.”

“तू आप्पांचा राग माझ्यावर काढतेयस.”

“आणि तू आप्पांचा राग माझ्यावर काढतेस. फरक एवढाच, की तुला तो दुकानात मिळाला.”

शार्वीने पट्टा उतरवून हातात धरला. पट्ट्याशिवाय ती एकदम लहान दिसायला लागली, आणि घाबरलेलीही. “तो नसला ना, की मला काहीच सुचत नाही आता,” ती हळूच म्हणाली. “नुसती कागदासमोर बसते.”

 वैजयंताला वाटलं होतं पोरगी उर्मट झाली आहे. पोरगी लुळी झाली होती.

शेवटी शार्वीनेच तोड काढली. “आप्पांनाच घालायला देऊ. कुणाचा ठसा आहे ते सांगायचं नाही. त्यांना आवडला तर पहिल्या चौकटीत सही. कबूल?”

“आणि नाही आवडला तर?”

“त्यांचाच आहे, आई. न आवडून जाईल कुठे?”

रविवारी दुपारी दोघी उद्यमनगरात गेल्या. बंद कारखान्याच्या मागच्या खोलीत आप्पा खाटेवर बसून एका बिजागरीला कानस मारत होते. ब्याऐंशी वर्षांचे, दोरीसारखे, डोळे मात्र टाचणीसारखे.

“आलासा? दार नीट लावा. मागल्या खेपंला उघडंच टाकून गेलीस, वैजे.” मागच्या खेपेला तीन महिने झाले होते.

शार्वीने पट्टा पुढे केला. “आप्पा, हे घालून बघा ना. एका शोधकाच्या डोक्याचा ठसा आहे यात. खूप मोठा माणूस आहे.”

“मोठा?” आप्पांनी पट्टा उलटा-पालटा केला. “शिवण वाकडी हाय.” पण घातला. नातीचा शब्द ते सहसा मोडत नसत.

पहिलं मिनिट काहीच झालं नाही. मग त्यांची नजर खोलीभर फिरू लागली. दाराची कडी, दिव्याची वायर, खाटेचा पाय. त्यांनी उशाचा तांब्या उचलला. हा तांब्या त्यांच्या वडिलांच्या वेळचा, घडीव, आणि त्यांना फार प्रिय. त्यांनी तो हातात धरून फिरवला, पुन्हा फिरवला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. “खोट न्हाई ह्यात,” ते स्वतःशीच म्हणाले. “खोट न्हाई, तरी खुपतंय.” मग स्वतःची सांडशी घेतली. उघडली, मिटली, उघडली, मिटली. कपाळावर घाम आला. हात थांबायला जागा शोधत होते आणि त्यांना ती सापडत नव्हती.

मग त्यांनी मान वर करून वैजयंताकडे पाहिलं. आधी चेहरा, मग खांदे, मग सुजलेला पाय, वाळूच्या साच्यातून काढलेलं ओतकाम तपासावं तसं. तिला ही नजर पाठ होती. ती सवयीने ताठ झाली आणि काय ऐकायला मिळणार याची वाट बघत राहिली.

आप्पांनी नजर वळवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आधी नजर वळवली. दोन्ही हातांनी पट्टा ओढून काढला आणि खाटेवर टाकला.

“कसा वाटला, आप्पा?” शार्वीने आशेने विचारलं.

“हुशार हाय,” आप्पा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. “नदर बारीक हाय त्याची. पर त्याला थांबाय येत न्हाई. चांगला जिन्नस हातात आला तरी थांबत न्हाई. आन् माणसाकडं बी तसंच बघतोय, जिन्नसाकडं बघितल्यागत. ह्या पोरीचा पाय सुजलाय, तर मला वाटाय लागलं, हिला चालाय येत न्हाई.” त्यांनी तोंड पुसलं. “असल्या माणसाजवळ त्याची बायकू कशी नांदली असंल, देव जाणे.”



“नांदली,” वैजयंता म्हणाली. “एकतीस वर्षं.”

बाजूच्या शेडमधलं ग्राइंडर चालू होतं, ते बंद झालं. आप्पांनी लेकीकडे पाहिलं, मग पट्ट्याकडे. आप्पांना दुसरं काहीही म्हणता आलं असतं, पण मूर्ख नाही; ठसा कुणाचा ते त्यांना कळलं. त्यांनी पट्टा उचलून खाटेच्या पलीकडच्या टोकाला सारला.

मग ते शार्वीला म्हणाले, “हे घालून तू हिच्याशी बोलतीस व्हय?”

“परीक्षेपुरतं, आप्पा,” शार्वी कशीबशी म्हणाली.

“परीक्षेपुरतं.” त्यांनी मान हलवली. “मी बी कामापुरतंच म्हणायचो. कागद कुठाय?”

वैजयंताने पर्समधून कागद काढला आणि पेन दिलं. त्यांनी दोन्ही चौकटी वाचल्या, ओठ हलवत, सावकाश. पहिल्या चौकटीतली पेन्सिलीची खूण बोटाने पुसून टाकली आणि दुसरीत फुली मारली. मग खाली सही केली, ‘रं. द. लोहार’, प्रत्येक अक्षर ठोकून बसवल्यासारखं. शार्वीच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं. कॉलेजसाठी की आणखी कशासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती आईच्या सुजलेल्या पायाशी जमिनीवर बसली, आणि वैजयंताने तिच्या केसांवर हात ठेवला.

आप्पांनी पेनाला टोपण लावलं. ते आणखी काही बोलतील असं वैजयंताला वाटलं. एक शब्द पुरला असता, आणि तो तिला नव्हे, गेलेल्या आईला उद्देशून असता तरी चाललं असतं. त्यांचा जबडा दोनदा हलला. तेवढंच.

तिने कागद उचलून उजेडात धरला आणि वरपासून खालपर्यंत तपासला.

“आप्पा,” ती म्हणाली, “तारीख राहिली.”